ऑटोवर राहिलेली मोटर

सातारा जिल्ह्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून थोडक्यात देते.

"आजोबांनी ७२च्या दुष्काळात खोदलेली विहीर माझ्या आणि चुलतभावाच्या सामाईकीत आहे. सातबाऱ्यावर निम्मा-निम्मा हिस्सा. मोटरी वेगळ्या, पाळी चार-चार दिवसांची, वडिलांच्या काळापासून चालत आलेली. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्याच्या पाळीत डीपी, म्हणजे शिवारातला विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली, दोन दिवस लाइट नव्हती. लाइट आली ती माझ्या पाळीत, आणि त्यानं एक रात्रभर मोटर चालवली. मला विचारलं नाही. पुढच्या फेरीत मी त्याचा एक दिवस घेतला. नंतर एकदा रात्री दोनला त्याची मोटर माझ्या पाळीत सुरू झाली. सकाळी म्हणाला, 'ऑटोवर राहिली.' मी विश्वास ठेवला नाही, दोन दिवस घेतले. आता पाळी अशी उरलीच नाही. लाइट आली की दोघांच्या मोटरी चालू. मार्चमध्येच विहीर तळाला जाते. गेल्या उन्हाळ्यात माझी मोटर कोरडी चालून जळाली, त्याचा ऊस वाळला, माझी आल्याची लागण महिनाभर लांबली. माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, 'बाबा, गेम थिअरीत सिद्ध झालंय, जशास तसं हीच जिंकणारी चाल आहे.' म्हणजे मी करतोय ते बरोबरच ना? आता माघार घेतली तर मी दुबळा ठरणार नाही का? आणि मुलगा काही शेती करणार नाही. चार-पाच वर्षांत जमीन वाट्यानं लावून देईन. मग संबंध सांभाळायचे तरी कशासाठी?"

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा 'ऑटोवर राहिली' या शब्दांपाशी थांबले. (ऑटो म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारी सोय.) त्याकडे येते. आधी मुलाच्या गेम थिअरीबद्दल, म्हणजे समोरच्याची चाल धरून आपण कुठली खेळावी या गणिताबद्दल, बोलू, कारण तो जे सांगतोय ते खरं आहे. फक्त ते निम्मं आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले राज्यशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८०च्या सुमारास संगणकावर एक स्पर्धा घेतली. खेळ दोघांचा. दरवेळी प्रत्येकापुढे दोनच वाटा, साथ द्यायची किंवा दगा द्यायचा. दोघांनी साथ दिली तर प्रत्येकी ३ गुण. दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी १. एकानं साथ दिली आणि दुसऱ्यानं दगा दिला, तर दगा देणाऱ्याला ५ आणि साथ देणाऱ्याला शून्य. हा डाव अनोळखी माणसाशी एकदाच खेळायचा असेल, तर समोरचा काहीही करो, दगा देण्यातच जास्त गुण आहेत. पण स्पर्धेत त्याच गड्याशी दोनशे वेळा खेळायचं होतं. आज फसवलेला उद्या समोर उभा असणार, हे एकदा डावात आलं की सगळं गणित पालटतं. तुमची विहीर याच प्रकारात मोडते.

पहिल्या स्पर्धेत चौदा जणांनी आपापल्या चाली लिहून पाठवल्या. काही फार हुशारीच्या होत्या, मधूनच हळूच दगा देऊन बघणाऱ्या. जिंकली ती सगळ्यांत छोटी चाल, अनातोल रॅपोपोर्ट यांनी टोरांटोहून पाठवलेली. पहिल्या वेळी साथ द्या, त्यानंतर समोरच्यानं मागच्या वेळी जे केलं तेच करा. एवढीच. निकाल सगळ्यांना कळवून ॲक्सेलरॉड यांनी दुसऱ्यांदा स्पर्धा घेतली. सहा देशांतून बासष्ट चाली आल्या. जिंकायचं कुणाशी आहे हे या वेळी सगळ्यांना ठाऊक होतं, तरी पुन्हा तीच पहिली आली.

तुमच्या मुलानं हे वाचलं असणार. आता उरलेलं निम्मं सांगते.

ही चाल कधीही स्वतःहून आधी दगा देत नाही. पहिल्या स्पर्धेतले वरचे आठही नंबर अशाच, आधी दगा न देणाऱ्या चालींचे होते. आणि या आठांत सगळ्यांत खाली कोण होती? एकदा दगा खाल्ला की पुन्हा कधीच साथ न देणारी. म्हणजे कायमचा डूख धरणारी चाल भल्या चालींमध्ये शेवटची आली.

दुसरं म्हणजे, ही चाल मोजून परत देते. एकाला एक, आणि मग विसरते. समोरचा पुन्हा साथीला आला की त्याच क्षणी हीसुद्धा येते, जुनं काही उकरत नाही. आता तुमचा हिशेब मांडून बघा. त्यांनी एक रात्र घेतली, तुम्ही एक दिवस घेतलात. पुढे त्यांची मोटर एका रात्री सुरू झाली, तुम्ही दोन दिवस घेतलेत. दादा, हे जशास तसं नव्हे. दरवेळी वर थोडं व्याज लावलेलं आहे. दोघंही व्याज लावणारे असले की मुद्दल काय होतं हे दोन वर्षांत कुणाला आठवत नाही.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. ही चाल समोरच्या एकेका गड्याला कधीच हरवत नाही. नियमच असा आहे की तिचे गुण समोरच्याइतके होतील किंवा थोडे कमी, त्याच्याहून जास्त कधीच नाही. तरी सगळ्यांचे गुण मोजले की ती वर असते, कारण जिथं जाते तिथं दोघांचंही भलं होईल असा डाव जुळवून आणते. तुम्ही विचारलंत, माघार घेतली तर दुबळा ठरेन का? या प्रश्नात तुम्ही चुलतभावाशी तुलना धरून बसला आहात, की त्याच्यापेक्षा मला कमी मिळता कामा नये. गेल्या उन्हाळ्यात त्याचा ऊस वाळला तेव्हा तुमच्या आल्याला एक बादली तरी पाणी जास्त मिळालं का? तुमचं पीक तुमच्या विहिरीच्या पातळीवर येतं. तो किती खाली गेला यानं त्यात भर पडत नाही.

आता ऑटोबद्दल.

संगणकातल्या त्या स्पर्धेत एक सोय होती जी शेतात नसते. तिथं समोरच्यानं काय केलं ते नेमकं कळत असे. साथ म्हणजे साथ, दगा म्हणजे दगा. शेतात तसं दिसत नाही. रात्री दोनला मोटरीचा आवाज येतो तेव्हा तुम्हाला आवाज ऐकू येतो, मनातलं ऐकू येत नाही. ऑटो बंद करायचा राहिला आणि मध्यरात्री लाइट आली, तर माणूस घोरत असतानाच मोटर चालू होते. ज्यांच्या बांधावर स्टार्टर आहे त्यांच्यापैकी किती जणांकडून हे कधीच झालेलं नाही? तुमच्याकडून झालेलं नाही का, स्वतःशीच आठवून बघा.

अशी एक चूक दोन जशास तसे खेळणाऱ्यांमध्ये पडली की काय होतं? पहिल्याकडून चुकून दगा झाला. दुसऱ्यानं पुढच्या वेळी परत दिला. पहिल्याला तो नवा दगा दिसला, त्यानं परत दिला. एका डुलकीतून सुरू झालेली मारामारी आपोआप थांबतच नाही, कारण दोघांनाही वाटत असतं की मी फक्त उत्तर देतोय. तुमच्या पत्रातलं प्रत्येक वाक्य 'त्यानं केलं म्हणून मी' असं आहे. त्यांचं पत्र माझ्याकडे आलं असतं तर तेही असंच असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ॲक्सेलरॉड यांनाही हे दिसलं होतं. अशा वेळी एकाला एक न देता एकाला नऊ-दशांश इतकंच परत द्यावं, म्हणजे प्रतिध्वनी हळूहळू विरत जाईल, असं त्यांनी सुचवलं. पुढे १९९२ मध्ये मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मुंड या अभ्यासकांनी चुका होणाऱ्या डावांचा हिशेब मांडला. वर दिलेले गुण धरले, तर दगा खाल्ल्यावर साधारण तिनात एकदा तो सोडून देणारी उदार चाल अशा जगात टिकते आणि वाढते. नेहमीच सोडून देणारा लुटला जातो, कधीच न सोडणारा भांडणात अडकतो. कुठली चूक सोडली जाईल हे मात्र समोरच्याला आधी कळता कामा नये. त्यालाही ठाऊक हवं की बहुतेक वेळा हिशेब होतो.

पण चूक सोडण्याच्याही आधी एक काम आहे, आणि माझ्या मते तुमच्या तंट्याचं मूळ तिथं आहे. डीपी जळाली ती त्यांच्या पाळीत. दोन दिवस गेले ते कुणाचे? त्यांच्या मते पाळी म्हणजे पाणी, आणि पाणी मिळालंच नाही, तेव्हा ती रात्र त्यांची भरपाई होती. तुमच्या मते पाळी म्हणजे कॅलेंडरवरचे चार दिवस, ते संपले. दोघंही आपापल्या वहीत प्रामाणिक आहात. तुमच्या वडिलांच्या वेळी नियम ठरला तेव्हा विहिरीत पाणी इतकं होतं की लाइट गेली तरी कुणाला हिशेब करावा लागत नसे. म्हणून हा प्रश्न नियमात कधी लिहिलाच गेला नाही. विचारायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. न विचारणं ही त्यांची चूक. पण ती चोरी होती हे तुम्ही गृहीत धरलंत.

माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. तिथं फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे भाग. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं, आणि लहानपणी मला त्यात काही विशेष वाटत नसे. आता वाटतं, कारण त्यातल्या दोन गोष्टी फार शहाणपणाच्या आहेत. शेतकरी स्वतःच्या वावराचं दार स्वतः उघडत नाही, पाणी त्यासाठी नेमलेला पाटकरी देतो. त्यामुळे रात्री कुणी किती घेतलं हा संशयच उरत नाही. आणि बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी-थोडी असते. पाणी कमी पडलं आणि एखादा फड सोडायचा ठरलं, तर झळ सगळ्यांना बसते. कुणा एकाच्या वाट्याला दुष्काळ आणि दुसऱ्याच्या वाट्याला ऊस, असं होत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या अशा सामाईक पाण्याचा, कुरणांचा, मासेमारीचा आयुष्यभर अभ्यास केला. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या पाण्याबद्दल त्यांनी लिहिलंय. तिथं आजही दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दारात शेतकऱ्यांनी निवडलेले पंच बसतात आणि पाण्याचे तंटे तोंडीच ऐकून तिथल्या तिथं मिटवतात. ऑस्ट्रॉम यांना टिकलेल्या व्यवस्थांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं ते असं: कुणी किती घेतलं हे सगळ्यांना दिसतं, पहिल्या चुकीला दंड अगदी लहान असतो आणि पुन्हा पुन्हा करणाऱ्यालाच तो वाढत जातो, आणि तंटा ऐकून घेणारी जागा जवळ आणि स्वस्त असते. दंड लहान का? कारण पहिल्या वेळी माणूस चुकलेला असू शकतो, किंवा त्याच्या घरी अडचण असू शकते. त्याला इतकंच कळायला हवं की आपल्याला पाहिलं गेलं आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नानं मला वाईट वाटलं. चार-पाच वर्षांनी मी नसेन, मग संबंध कशाला? गेम थिअरीतसुद्धा हा प्रश्न आहे, आणि तो खरा आहे. शेवटचा डाव कोणता हे ठाऊक असलं की त्या डावात दगा देण्याचा मोह होतो. मग त्याच्या आदल्या डावातही, कारण पुढे गमावण्यासारखं काही नाही. असं उलगडत उलगडत सगळं आजपर्यंत येऊन पोचतं. म्हणूनच दुसऱ्या स्पर्धेत ॲक्सेलरॉड यांनी डाव किती चालणार हे कुणाला सांगितलंच नव्हतं.

पण तुमचा डाव खरंच संपतोय का? जमीन वाट्यानं लावलीत तरी सातबाऱ्यावर नाव तुमचंच राहील. वाटेकरी आला की आधी पाण्याचं विचारेल, आणि भांडणाच्या विहिरीवरची जमीन तो कमी वाट्यानं मागेल. पुढं-मागं विकायची वेळ आली तर भावही त्या विहिरीवरच ठरेल. शिवाय तुमच्या दोघांत विहिरीचा एकच डाव आहे असं थोडंच आहे? बांध आहे, शेतात जायची वाट आहे, गावची जत्रा आहे, मुलांची लग्नं आहेत, आणि एखाद्या रात्री छातीत दुखलं तर पुण्याहून मुलगा यायला वेळ लागतो, चुलतभाऊ भिंतीपलीकडे असतो. पूर्वी तुमच्याकडे पैऱ्यानं कामं होत असतील. आज तुझी मळणी, उद्या माझी. कुठं त्याला सावड म्हणतात, कुठं वारंगुळा. त्यात कुणी वही ठेवत नसे, तरी कोण आला आणि कोण आला नाही हे गावाला पाठ असे. एका डावातली साथ दुसऱ्या डावात कामाला येते.

आता काय करायचं ते सांगते. असाच तंटा असलेल्या बाकीच्या वाचकांनीही हे आपापल्या बांधावर जुळवून बघावं, मग तो विहिरीचा असो, सामाईक नळाचा असो, नाहीतर सोसायटीतल्या पार्किंगचा.

बोलणं आत्ता उन्हाळ्यात काढू नका. दिवाळीच्या आसपास विहीर भरलेली असते, तेव्हा एका दिवसाचं पाणी सोडणं दोघांनाही जड जात नाही. विश्वास परत बसवायचा तर सुरुवात स्वस्त डावांनी करावी, आणि मार्चमध्ये एकही डाव स्वस्त नसतो. त्या बोलण्यात दोन वर्षांचा हिशेब काढायचा नाही. कुणी कुणाचे किती दिवस घेतले हे कधीच जुळणार नाही. डीपीच्या त्या रात्रीबद्दल मात्र एक वाक्य बोला: 'तुझे दोन दिवस गेले होते, ते मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.' हे खरं आहे, म्हणून बोलायला सांगतेय. आणि तुम्हाला विचारलं नाही याचं वाईट वाटलं, हेही त्यातच सांगा. दोन्ही वाक्यं एकाच माणसाला शोभतात.

पाळी दिवसांवर मोजणं बंद करा, तासांवर मोजा. मोटर किती तास चालली ते दाखवणारा छोटा मीटर दोन्ही स्टार्टर पेट्यांत बसवून घ्या. गावातला वायरमन सहज बसवून देईल. लाइट गेली तर तास थांबले, आली की तिथून पुढं सुरू. डीपी जळाली तरी भांडायला काही उरत नाही. पाळी संपल्यावर दोघांनी आकडे एका वहीत लिहायचे आणि वही विहिरीपाशीच ठेवायची. त्यात आणखी एक फायदा आहे. तुमच्या आल्याला थोडं-थोडं पण नेमानं पाणी लागतं, त्यांच्या उसाला एकदम भरपूर. तास लिहिलेले असले की ते उसने देता-घेता येतात. चार-चार दिवसांची पाळी तुमच्या आल्याला मुळातच सोयीची नव्हती, तीसुद्धा बदलून बघता येईल.

ऑटोचं स्पष्ट ठरवा. पाळी संपताना ज्याची मोटर आहे त्यानं ऑटो बंद करायचा. राहिलाच, तर जेवढे तास चालली तेवढेच परत, एक मिनिटही जास्त नाही, आणि त्या दिवशी बोलणं बंद करायचं नाही. महिन्यात दुसऱ्यांदा झालं तर दीडपट. तिसऱ्यांदा झालं तर दोघांनी आधीच मान्य केलेल्या माणसासमोर बसायचं. तो माणूस आत्ताच ठरवा, भांडण नसताना. सख्खा नातेवाईक नको, कारण त्याला बाजू घ्यावीच लागते. दोघांचाही ज्याच्याशी व्यवहार आहे असा कुणी वडीलधारा बरा.

आणि तुमचं पहिलं पाऊल. पहिल्या फेरीत, आपल्या पाळीचे दोन-तीन तास शिल्लक असतानाच मोटर बंद करून तसं त्यांना सांगा. ते विचारतील, का? सांगा, आलं भिजलं, पुरे झालं. हे गुपचूप केलं तर उपयोग नाही, ते दिसायला हवं. त्यांनी याचा फायदा घेऊन पुढच्या वेळी तुमचे तास खाल्ले, तर वहीत लिहा आणि तेवढेच तास परत घ्या. रागानं नाही, सांगून. हीच तुमच्या मुलाची चाल, पूर्ण वाचलेली. दोन फेऱ्यांत तुम्हाला कळेल की समोर कोण आहे: चुकणारा भाऊ, की खरंच लुटणारा.

लुटणारा निघाला तर? तशीही माणसं असतात, आणि त्यांच्यापुढं उदारपणा वाया जातो. मग तंटा गावात न रेटता कागदावर आणा. विहिरीच्या पाण्याचा वापर कुणी बेकायदा अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. ती घटना घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते, म्हणून तारखा लिहून ठेवा आणि वकिलाला विचारून पुढं जा. पण त्या वाटेनं मिळालेलं पाणी पोलीस बंदोबस्तातल्या वरातीसारखं असतं. त्या वाटेला जाण्याआधी दिवाळीनंतरच्या त्या दोन फेऱ्या तुम्ही खरोखर खेळून बघाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

मीटर बसवायला वायरमन येईल तेव्हा मुलालाही गावी बोलवा. तासांची वही त्याच्या हातानं सुरू करा, आणि पहिल्या पानावर आधी चुलत्याचं नाव लिहायला सांगा.